नव्या बॅटऱ्या, अर्धवट रात्री: वर्धा रोडवरच्या एका लॉनचं प्रकरण

नागपुरात वर्धा रोडला खापरीच्या पुढे लग्नाचं एक मोठं लॉन आहे. गेटजवळच्या पार्किंगपासून मांडव बराच आत. म्हातारे पाहुणे, नऊवारी सावरत चालणाऱ्या बायका, आहेराची खोकी असं सगळं आत नेण्यासाठी मालकांनी दोन सहा-आसनी गोल्फ कार्ट घेतल्या आहेत. दोन्ही ४८ व्होल्टच्या, ८ व्होल्टच्या सहा-सहा लेड-अॅसिड बॅटऱ्यांवर चालणाऱ्या. त्यातल्या एका गाडीचा संच अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर बदलला. सहाही बॅटऱ्या नव्या, एकाच कंपनीच्या, १७० अँपिअर-अवरच्या. मेच्या मध्यावर तक्रार आली की नव्या बॅटऱ्यांची गाडी जुन्या बॅटऱ्यांच्या गाडीआधीच दम सोडते. रात्री अकराच्या सुमारास, जेवणाच्या पंगती उठून पाहुणे परतायला लागले की नेमकी हीच गाडी रांगायला लागते.

मी मुख्यतः हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या बघतो. गोल्फ कार्टची बॅटरी त्याच जातीची: खोलवर उतरायची आणि रोज पुन्हा भरायची. मला बोलावलं तोवर तिथे तीन निदानं होऊन गेली होती. मॅनेजरांच्या मते माल डुप्लिकेट. विक्रेत्याच्या मते सहा जणांच्या गाडीत आठ बसवतात. आणि ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीचं म्हणणं असं की, "भाऊ, नव्या बॅटरीले पह्यल्यांदा एकदा पुरी मारून टाका लागते, मंगच ते खुलते. तुमी मारलीच नाही, तं खुलन कशी?"

तिघांचंही थोडं थोडं ऐकण्यासारखं होतं, मिस्त्रीचं तर विशेष. कारण त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि उरलेला अर्धा बॅटरी मारतो.

खरा भाग आधी. अशी खोलवर उतरणारी, म्हणजे डीप सायकल, बॅटरी कारखान्यातून चार्ज होऊन निघते, पण तिची पूर्ण ताकद पहिल्या दिवशी मिळत नाही. प्लेटांवर शिशाच्या संयुगाचा लेप असतो, त्याला बारीक छिद्रं असतात आणि अॅसिड त्यांतून आतपर्यंत पोचावं लागतं. प्रत्येक उतरण्या-भरण्यात लेपाचा आणखी थोडा भाग कामाला लागतो. म्हणून बॅटरी सुरुवातीला लेबलवरच्या आकड्यापेक्षा कमी देते आणि हळूहळू वर चढते. किती वेळाने, हे जातीवर अवलंबून. उत्पादक साधारण ५० ते १०० चक्रांचा हिशेब सांगतात. म्हणजे लॉनचा अख्खा उन्हाळी हंगाम यातच जातो. नवी गाडी पहिल्या पंधरवड्यात जुन्यापेक्षा जराशी मागे असणं यात एकट्याने घाबरण्यासारखं काही नाही.

खोटा भाग म्हणजे "पुरी मारून टाका". ही समजूत बहुधा जुन्या निकेल-कॅडमियम सेलांवरून आली असावी. शिशाच्या बॅटरीला पूर्ण रिकामं होणं कधीच मानवत नाही, आणि नवी असताना तर मुळीच नाही. प्लेटांवर सल्फेट बसतं. बॅटरी लगेच भरली तर ते विरघळतं, तसंच राहिलं तर कडक होतं. सुरुवातीच्या काळात निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, पुढेही ८० टक्क्यांपलीकडे कधी न्यायची नाही, आणि दर वेळी पूर्ण भरायची. एवढंच खुलवणं. या लॉनवर बॅटरी रोज उतरत होती, पण पूर्ण भरत एकदाही नव्हती.

काय सापडलं

पहिल्या भेटीत गाडी चालवून बघितलीच नाही. सीट उचलली, झाकणं उघडली, हायड्रोमीटर काढला. गाडी पहाटे चार्जरवरून काढून काही तास उभी होती, म्हणजे व्होल्टेज खरं बोलण्याइतकी विश्रांती झाली होती. सगळ्या संचाचं मिळून ४९.४ व्होल्ट. भरलेला संच पन्नासच्या वर, ५०.९ च्या आसपास हवा. ४९.४ म्हणजे जेमतेम ७० टक्के. ड्रायव्हर काकांच्या शब्दांत मात्र गाडी "रातभर चार्जिंगला लावून फुल" होती.

मग एका बॅटरीत चार याप्रमाणे २४ सेलांची ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते; चार्ज जितका जास्त तितका हा आकडा मोठा. ट्यूबमध्ये अॅसिड ओढून फ्लोट स्थिर होईपर्यंत डोळ्यांच्या रेषेत धरायचं, आकडा वहीत, अॅसिड त्याच सेलमध्ये परत. बहुतेक सेल बाराशे पाचच्या (१.२०५) आसपास, तीन सेल अकराशे ऐंशीच्या (१.१८०) खाली. यात उन्हाळ्याची एक गोम आहे. आकडे २७ अंशांना धरून छापलेले असतात. गरम अॅसिड पातळ होतं आणि हायड्रोमीटर कमी दाखवतो. दर साडेपाच अंशांना .००४ मिळवायचे. त्या सकाळी थर्मामीटरने बॅटरीतलं अॅसिड ४३ अंश दाखवलं, म्हणजे जवळपास .०१२ वर. दुरुस्ती केल्यावर बहुतेक सेल १.२१५ ते १.२२० वर आले, तिघे १.१९० वर. पुस्तिकेप्रमाणे पूर्ण चार्जला १.२७७ हवेत. नागपुरात मे महिन्यात ही दुरुस्ती न करता कितीतरी चांगल्या बॅटऱ्या नापास होतात, हे जाता जाता सांगतो.

ते तीन मागे पडलेले सेल दुसऱ्या आणि पाचव्या बॅटरीतले होते. दोन्ही बॅटऱ्यांची डोकी ओलसर, खालच्या ट्रेमध्ये पांढरट खपली, आणि एका होल्ड-डाउन पट्टीवर गंज इतका ताजा की बोटाला नारिंगी लागला. काकांच्या खाकी पँटवर गुडघ्याच्या वर डाळीएवढी चार-पाच भोकं. "धुतली तं भोकं पडली, कपडाच खराब निंगाला." कपड्याचा दोष नव्हता. अॅसिडचा शिंतोडा वाळताना दिसत नाही, धुतल्यावर दिसतो.

काकांनी सांगितलेली हकीगत अशी. बॅटऱ्या बसवल्या त्या दुपारी त्यांनी झाकणं उघडली, पाणी कमी वाटलं, म्हणून सगळे सेल काठोकाठ भरले. ऑफिसातल्या आरओचं पाणी. संध्याकाळी संगीताचा कार्यक्रम होता, गाडी तशीच लावली. रात्री चार्ज केल्यावर पाणी वर आलं आणि झाकणांतून बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी कमी दिसलं, पुन्हा भरलं.

इथे दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांचं वजन सारखं नाही. आरओचं पाणी ही बारीक चूक. त्यात क्षार उरतातच, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच हवं, पण महिनाभराच्या आरओने संच निकामी होत नाही. जड चूक पाणी टाकण्याच्या वेळेची. उतरलेल्या बॅटरीत पातळी खाली असते. चार्ज होताना, त्यातही शेवटी बुडबुडे सुटायला लागले की, ती चढते. म्हणून चार्जच्या आधी फक्त प्लेटा उघड्या असतील तरच त्या झाकण्यापुरतं पाणी घालायचं, बाकीचं पूर्ण चार्ज झाल्यावर. पातळी तोंडाच्या नळीच्या टोकापासून सुमारे ३ मिलिमीटर खाली. काठोकाठ भरलेल्या सेलमधून सांडतं ते पाणी नसतं, अॅसिड असतं. त्याच्या जागी पुन्हा पाणी घातलं की तो सेल कायमचा पातळ होतो. तीन सेलांचं बहुधा हेच झालं असावं.

विक्रेत्याच्या बाजूचाही एक धागा निघाला. टर्मिनलवर अक्षर आणि आकडा कोरलेला असतो, त्यावरून बॅटरी कोणत्या महिन्यात बनली ते कळतं. ही खूण आदल्या ऑक्टोबरची होती. म्हणजे दिवाळीच्या सुमारास बनलेला माल एप्रिलअखेरपर्यंत गोदामात. लेड-अॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला साधारण ५ ते १५ टक्के उतरते, उकाड्यात त्याहून जोरात. मार्च-एप्रिलमधल्या नागपुरी गोदामाचं तापमान सांगायला नको. "फॅक्टरीतून चार्ज होऊनच येतात" हे विक्रेत्याचं वाक्य खरं होतं, फक्त त्यानंतर सहा महिने गेले होते. डिलिव्हरीच्या दिवशी व्होल्टेज कुणी मोजलं नाही. त्यानेही नाही, लॉनवाल्यांनीही नाही.

खरा घोळ सकाळी सहा वाजता

वरच्या गोष्टींनी संच थोडा मागे पडला असता. ७० टक्क्यांवर रोज अडकला नसता. त्यासाठी रात्रीचा हिशेब मांडावा लागला.

लग्नाच्या रात्री गाडी चार्जरला लागते दीड वाजता. चार्जरचा प्लग जनरेटर खोलीच्या बोर्डावर. सकाळी सहाला चौकीदार ड्युटी संपवून त्या खोलीची मेन पाडतो आणि घरी जातो. बिल वाचावं म्हणून मालकांनीच त्याला तसं सांगितलं होतं. त्यानंतर डेकोरेशनवाले येतात आणि प्लग काढून आपली झालर लावतात. तर हातात उरतात साडेचार तास.

रात्रीच्या फेऱ्यांत निम्मी बॅटरी गेली तर सुमारे ८५ अँपिअर-अवर. ते परत आणायला तेवढेच घालून भागत नाही, १० ते २० टक्के जास्त लागतात, म्हणजे पंचाण्णवच्या आसपास. चार्जर २० अँपिअरचा. कागदावर साडेचार तासांत नव्वद होतात आणि मॅनेजर म्हणतात, "मग झालंच की जी, चार-पाचचाच फरक." पण चार्जर शेवटपर्यंत २० अँपिअर ढकलत नाही. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचलं की करंट आपोआप उतरायला लागतो. पहिले ८० टक्के झपाट्याने भरतात, उरलेल्या विसांना जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. भरलेल्या एसटीत शेवटचे चार प्रवासी चढवायला कंडक्टरला जितका वेळ लागतो तसं. निम्म्यापर्यंत उतरलेल्या संचाला आठ ते दहा तास द्यावेच लागतात. इथे दर रात्री थोडी बाकी राहायची आणि दुसऱ्या संध्याकाळी त्या बाकीवरच गाडी निघायची. शिवाय शेवटच्या टप्प्यातले बुडबुडेच अॅसिड ढवळतात. ते झाले नाहीत की जड अॅसिड तळाला आणि पातळ वर असे थर पडतात.

चार्जरवर एक पिवळा दिवा आहे. ८० टक्के झाले की तो लुकलुकतो. पूर्ण झाल्यावर हिरवा लागतो. काकांना हिरवा दिवा लागतो हेच माहीत नव्हतं. त्यांनी या संचावर तो कधी बघितलाच नव्हता.

आता ज्या दिवशी लग्न नसे त्या दिवशी नेमकं उलटं. गाडी दुपारी बारापासून पत्र्याच्या शेडमध्ये चार्जरला. बाहेर ४५ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. चार्जरची मर्यादा २५ अंशांसाठी बेतलेली असते, दर सेलला सुमारे २.४५ व्होल्ट, म्हणजे २४ सेलांना ५८.८. त्याच्या वर प्रत्येक अंशाला सेलमागे .००५ व्होल्ट कमी करायचे. अॅसिड ४२ अंशांवर असेल तर पूर्ण संचाला २ व्होल्टची कपात, म्हणजे ५६.८ पुरे. ही कपात करणारा सेन्सर त्या चार्जरला होता का? होता. त्याची वायर खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेली. बसवणाऱ्याने ती जोडलीच नव्हती. म्हणजे रात्री उपाशी आणि दुपारी उकळत, असा या संचाचा पहिला पंधरवडा गेला. दुपारची उकळी पूर्णत्वाला जाण्याआधीच पुन्हा कुणीतरी गाडी बाहेर काढायचं, सामान आणायला.

जादा माणसं बसवण्याचा विक्रेत्याचा आरोप खराच होता. मी स्वतः बघितलं, पाठीमागे दोन पोरं लटकलेली. पण जुनी गाडीही तेवढीच लादली जाते आणि ती चालते. म्हणून तो मुद्दा मी बाजूला ठेवला.

उपाय आणि एक भांडण

मधे मुहूर्त नसलेले तीन दिवस मिळाले. गाडी शेडमधून काढून स्वयंपाकघरामागच्या उत्तरेच्या भिंतीला लावली, जिथे दिवसभर सावली आणि वारा असतो. मॅनेजरांनी डेझर्ट कूलर लावायची तयारी दाखवली. वारा हवाच, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. पण कूलरची मोटर आणि स्विच बॅटऱ्यांच्या डोक्यावर नको, लांबून झोत मारू दे, एवढं सांगितलं. काका खर्रा खातात, बिडी ओढत नाहीत, त्यामुळे ठिणगीची एक काळजी आपोआप मिटली.

बॅटऱ्यांची डोकी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसली, झाकणं घट्ट लावून. टर्मिनल घासून पुन्हा आवळले. सेन्सर जोडला. मग उन्हं कलल्यावर चार्ज लावला आणि कुणालाही मधे हात लावू दिला नाही. हिरवा दिवा लागल्यावरही तासातासाने ग्रॅव्हिटी घेतली. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही तेव्हा पूर्ण धरलं. तरीही सेलांमधलं अंतर .०३० च्या वर होतं, म्हणून पुढच्या रात्री सगळे सेल एका पातळीला आणणारा इक्वलायझिंग चार्ज: सेलला २.५८ व्होल्ट, संचाला ६२ च्या आसपास, कमी करंटवर मुद्दाम जास्त वेळ. हा प्रकार मेमध्ये दिवसा करायचाच नाही. अॅसिड ५० अंशांवर गेलं तर थांबावं लागतं, आणि दुपारी ते न करताच तिथपर्यंत पोचायला निघालेलं असतं. पहाटेपर्यंत २१ सेल १.२६५ ते १.२७५ मध्ये आले. ते तिघे १.२४० ते १.२५० वर येऊन थांबले. पाणी, आता डिस्टिल्ड, सगळं संपल्यावर घातलं. विश्रांतीनंतर संच ५०.६ व्होल्ट.

भांडण त्या तिघांवरून झालं. विक्रेता म्हणाला, "आणा दुकानी, अॅसिड टाकून देतो, दहा मिनिटाचं काम आहे." हे दुकानोदुकानी करतात आणि आकडा लगेच सुंदर येतो. मी नको म्हटलं. सेलची ग्रॅव्हिटी कमी असण्याची दोन कारणं असतात, अॅसिड सांडलेलं असतं किंवा प्लेटेवर सल्फेट बनून अडकलेलं असतं. इथे सांडलं हे ट्रेवरून दिसतं, पण किती सांडलं आणि किती अडकलंय हे वेगळं काढता येत नाही. अंदाजाने अॅसिड ओतलं आणि पुढच्या चक्रांत अडकलेलंही सुटलं, तर तो सेल जास्त तिखट होऊन प्लेटा खातो. २४ सेलांमध्ये तीन थोडे मागे, हे चालवून घेता येतं. मालकांना बॅटरीच बदलून हवी होती. विक्रेत्याने वॉरंटीच्या अटीत बोट ठेवलं: जास्त पाणी भरल्याने झालेलं नुकसान धरत नाहीत. त्यावर मालकांनी टर्मिनलवरचा ऑक्टोबर दाखवला. शेवटी बदली नाही, पण वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून आणि त्या दोन बॅटऱ्यांचे नंबर पावतीवर वेगळे नोंदवून, असं ठरलं. माझ्या मते दोघांनाही परवडणारा तोडगा.

उरलेल्या हंगामाची व्यवस्था साधी होती, पण अमलात आणायला तीच अवघड गेली. चार्जरला स्वतंत्र पॉइंट, त्याला कुलूप, किल्ली काकांकडे. दीडला लावलेली गाडी साडेदहापर्यंत हलवायची नाही, दुपारी चार्ज नाही. नव्या संचाच्या गाडीने थोडा वेळ उभं राहिल्यावर ४८.४ व्होल्ट दाखवले की फेऱ्या बंद, कारण ते निम्म्याचं चिन्ह. चालताना मीटर बघायचा नाही, चढावर आणि भरल्या गाडीत तो खोटं घाबरवतो. मॅनेजर यावर म्हणाले, "नवीन गाडीच कमी चालवायची, अन् लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना काय सांगायचं?" प्रश्न बरोबर होता. गाडी घेतली जाते ती गर्दीच्याच रात्रीसाठी. उत्तर असं निघालं की सामान-सुमान आणि दिवसाच्या फेऱ्या जुन्या गाडीने करायच्या, नवी संध्याकाळी सातला काढायची, आणि दाट मुहूर्ताला एक ई-रिक्षा भाड्याने. पैसे लागले, पण नव्या संचाच्या किमतीपुढे ते किरकोळ.

जूनअखेरीस मुहूर्त विरळ झाले आणि आषाढी एकादशीनंतर लॉन बंदच पडलं. चातुर्मास ही अशा बॅटऱ्यांची दुसरी परीक्षा. चार महिने कुणी सीट उचलत नाही, आणि कार्तिकात गाडी ढकलून बाहेर काढावी लागते. इथे दर महिन्याला व्होल्टेज बघून पूर्ण चार्ज, आणि मेन स्विच बंद, एवढं काकांनी पाळलं. गणपतीत मी जाऊन ग्रॅव्हिटी घेतली तेव्हा २१ सेल अजून एका रांगेत होते.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडला. जूनमध्ये ज्या रात्रीच्या शेवटी संच ४८.३ वर यायचा, तशाच गर्दीच्या रात्री आता ४८.९ वर थांबतो. थंडीत बॅटरी खरं तर थोडं कमी देते, तरी हा फरक दिसला. म्हणजे लेप उघडतोय. तीन मागच्या सेलांपैकी दोन थोडे वर सरकले आहेत. पाचव्या बॅटरीतला एक तिथेच आहे. तो पुढच्या उन्हाळ्यात सर्वांत आधी मोजायचा.

जुन्या गाडीचा संच आता बदलायला आलाय आणि या वेळी मालकांनी खरेदीच्या कागदावर तीन अटी घातल्या आहेत. टर्मिनलवरची खूण तीन महिन्यांच्या आतली हवी. बॅटऱ्या पहिल्या कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी हव्यात, म्हणजे पूर्ण चार्ज करून, मग पाणी घालून, हलक्या फेऱ्यांनी सुरुवात करता येईल. आणि डिलिव्हरीच्या वेळी दोघांसमोर २४ सेलांची ग्रॅव्हिटी लिहून सही करायची. पहिल्या दोन विक्रेत्याने मान्य केल्या. तिसरीला तो म्हणतो, इतक्या वेळात माझ्या चार इन्व्हर्टर बॅटऱ्या बसून होतात. बोलणी चालू आहेत.